आमच्या गावच्या वाचनालयाच्या समितीला खुले पत्र: ६१२ पुस्तकांची बाद यादी मागे घ्या

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची सभासद क्रमांक ४१७. देवळामागच्या वाटेवर माझं शिवणकामाचं दुकान आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरच्या बायकामुलींची मापं माझ्या वहीत आहेत, म्हणजे मी तुम्हाला परकी नाही. या विषयावर मी समितीला दोन अर्ज दिले, पहिला मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये. दोन्हींच्या पोचेवर सही-शिक्का आहे. उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून आता गावाला आणि गावाबाहेरच्यांनाही वाचता येईल असं लिहिते आहे.

समितीनं ६१२ मराठी पुस्तकं बाद ठरवली आहेत. ती किलोवर भंगारवाल्याला जाणार आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होणार, असा ठराव झाला आहे. मला हे कळलं ते सूचनाफलकावरून नव्हे. यादीची झेरॉक्स काढायला गेलेला मुलगा वाटेत माझ्या दुकानात शाळेच्या पँटची झिप बदलायला थांबला, तेव्हा यादी माझ्या टेबलावर आली. बावीस पानं होती. मी मशीन थांबवलं आणि सगळी वाचून काढली.

आधी एक सांगते. अभ्यासिका हवी, माझा तिला विरोध नाही. माझी स्वतःची मुलगी दोन वर्षं तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास स्वयंपाकघरात बसून करत होती आणि कुकरच्या शिट्टीला दचकत होती. गावातल्या मुलांना टेबल, दिवा आणि शांतता मिळायला हवी. जुनी पुस्तकं कधी काढूच नयेत, असंही मी म्हणत नाही. फाटून गेलेली, पानं हरवलेली, एकाच पुस्तकाच्या चार-चार प्रती असलेली काढा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या आपल्याकडे तीन प्रती आहेत. हे माझं आयुष्यभराचं सर्वांत आवडतं पुस्तक. लग्नानंतर अक्षरं गिरवलेली एक बाई नवऱ्याच्या रागलोभाविषयी, धर्मांतराविषयी, उपासमारीविषयी इतकं स्वच्छ लिहिते की स्वतःची कीव करणारं एक वाक्य त्यात मला सापडलं नाही. तरी मी म्हणते, तिसरी प्रत खुशाल काढा. तुमच्या यादीत मात्र उलटं झालं आहे. ज्यांच्या तीन प्रती आहेत ती पुस्तकं जागेवर आहेत आणि ज्यांची एकच प्रत आहे ती बाद झाली आहेत.

आता माझं या कपाटांशी काय नातं आहे ते सांगते, म्हणजे मी कशासाठी भांडते ते कळेल.

माझी आई आपल्या गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातली. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिला एक अक्षर येत नव्हतं, कारण तिच्या गावात शाळाच नव्हती. पुढं गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांतली एक तिच्या वाड्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. ती पहिलीत बसली तेव्हा बाकीची मुलं तिच्या खांद्याएवढीही नव्हती. चौथी झाली, मग लग्न होऊन इथं आली. शिवणकाम तिच्याकडूनच माझ्याकडे आलं. दुपारी जेवणं उरकली की ती उंबऱ्याजवळ उजेडात बसायची आणि आपल्या वाचनालयातलं पुस्तक ओळीखाली बोट धरून, अर्धवट मोठ्यानं वाचायची. कोणी गिऱ्हाईक आलं की उठावं लागायचं. पान दुमडायचं नाही, अशी तेव्हाच्या ग्रंथपालांची ताकीद होती. खूण म्हणून ठेवायला घरात चिठ्ठ्याचपाट्या नसायच्या. मग ती ब्लाऊजला खोवलेली सुई काढायची, पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक टोच मारायची आणि पुस्तक मिटायची.

तुमच्या यादीच्या नवव्या पानावर महादेवशास्त्री जोशी यांचा 'खडकातले पाझरे' हा कथासंग्रह आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे, 'कीडग्रस्त'. मी वाचनालयात जाऊन मदतनीस मुलीला विनंती करून ते पुस्तक बाहेर काढायला लावलं आणि एकेक पान खिडकीकडे धरून पाहिलं. पहिल्या तीस पानांत चार टोचा आहेत. पुढं बरीच पानं एकही नाही. त्या दिवशी तिनं एका बैठकीत अख्खी कथा संपवली असणार. मग पुन्हा दोन-दोन पानांवर एक. ते बहुधा चतुर्थीच्या आधीचे दिवस असतील, कारण तेव्हा गिऱ्हाइकं उसंत देत नाहीत. सुई पानाच्या वरून खाली गेली की मागच्या बाजूला कागदाचा इवलासा कंगोरा उठतो, बोट फिरवलं तर लागतो. कसर कागद असा खात नाही. ती आडवी जाते, कडा कुरतडते. समितीत कोणी हे पुस्तक हातात घेतलं असतं तर हा फरक कळला असता. वाचनालयाच्या पुस्तकाला टोचा मारणं चूकच, आईच्या वतीनं मी त्याची माफी मागते आणि दंड असेल तर भरते. पण त्याला कीड म्हणू नका.

आई गेली २०१९ साली. तिच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडे फारसं काही नाही.

दुसरं नातं २०१२ सालचं. त्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि आमच्या ह्यांचा खनिज वाहणारा ट्रक आंब्याखाली उभा राहिला. बँकेचे हप्ते चालू होते. आम्ही केबल काढून टाकली, दुधाचा रतीब कमी केला. वाचनालयाची वर्गणी तेवढी मी भरत राहिले, कारण तीनशे पासष्ट दिवसांची करमणूक इतक्या थोड्या पैशांत दुसरीकडे कुठं मिळणार होती? हे कधी पुस्तक वाचणारे नव्हते. सकाळी उठून सवयीनं ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसायचे. एके दिवशी मी नुसतंच 'बनगरवाडी' त्यांच्या सीटवर ठेवून आले. तीन दिवस ते केबिनमध्ये बसून वाचत होते. त्या कादंबरीत एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर जातो, गाव हळूहळू त्याला आपलं मानतं आणि शेवटी दुष्काळात ते गावच उठून जातं. पुस्तक मिटून हे मला म्हणाले, "टिस्काच्या नाक्यावर आता असंच दिसतं. गॅरेजवाले गेले, चहावाले गेले." त्याआधी दोन महिने त्यांनी खाणीविषयी तोंडातून शब्द काढला नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशावर लिहिलेल्या पुस्तकानं उसगावच्या ट्रकवाल्याला बोलतं केलं. 'बनगरवाडी' यादीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच फळीवरची, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची एकवीस पुस्तकं आहेत. त्यांतलं कोणतं कुणाच्या सीटवर ठेवायची वेळ येईल ते आज कोण सांगणार?

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार तुमच्या निकषाविषयी. पाच वर्षांत ज्याची देवघेव झाली नाही ते पुस्तक बाद, असं ठरावात म्हटलं आहे. पण चार आणि पाच नंबरची कपाटं गेली कित्येक वर्षं कुलूपबंद आहेत. किल्ली मागितली की "समितीकडे आहे" असं उत्तर मिळतं. समितीला विचारलं की "मदतनिसाला विचारा". यादीतली निम्म्याहून जास्त पुस्तकं याच दोन कपाटांतली आहेत, मी दाखल क्रमांक ताडून पाहिले. कुलपातलं पुस्तक कोण नेणार? शिवाय करोनाच्या काळात वाचनालयाला टाळं होतं, ते महिनेही तुम्ही पाच वर्षांत धरले. आणि जे बसून वाचतात त्यांची नोंद कुठं होते? दुपारी वर्तमानपत्राच्या टेबलावर दोन म्हातारे रोज एक कादंबरी उघडून बसतात आणि चार वाजता परत फळीवर ठेवतात. तुमच्या नोंदवहीत ते दोघं नाहीत. वाचनालयात शिरताना डाव्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची १९३१ सालची पाच सूत्रं काचेच्या चौकटीत टांगलेली आहेत. तिसरं सूत्र आहे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचक मिळावा म्हणून पुस्तक आधी दिसायला तर हवं.

दुसरी तक्रार, पुस्तकं खराब झाली याचा दोष पुस्तकांवर टाकला गेला याची. पाच नंबरच्या कपाटावरचं छप्पर तीन पावसाळे गळतं आहे. पहिल्या वर्षी कपाटावर प्लास्टिक टाकलं, दुसऱ्या वर्षी तेच प्लास्टिक पाणी साठून आत कलंडलं. भिजलेलं पुस्तक उन्हात न ठेवता, पंख्याखाली पानं मोकळी करून वाळवावं लागतं, हे आपल्या गोव्यात घरातल्या पोथ्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इथं ती तशीच कपाटात एकमेकांना चिकटून राहिली. डांबराच्या गोळ्या शेवटच्या कधी आणल्या, त्याची पावती कोणी दाखवावी.

तिसरी गोष्ट मला लागलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बैठकीत एका सदस्यानं विचारलं म्हणे, "कथा-कादंबऱ्या आता वाचतो कोण? लोक मोबाइलवर पिक्चर आणि मालिका बघतात." मीही बघते. मशीनवर बसले की समोर टीव्ही चालू असतो. आजच्या बऱ्याच मालिकांत एकच गैरसमज सहा महिने ताणतात, ते मला पटत नाही, तरी सोबत म्हणून लावते. चित्रपट मी मनापासून बघते. 'श्वास' मी चार वेळा पाहिला. आजोबा नातवाला घेऊन दवाखान्याबाहेर जातात, त्याचे डोळे जायच्या आधी त्याला जग दाखवतात, तो भाग मी अजून एकदाही कोरड्या डोळ्यांनी पाहू शकले नाही. पण चित्रपट आल्यामुळं पुस्तक मरतं हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पुस्तकांत चिकटवलेला आहे. मागच्या पुठ्ठ्यावरची तारखांची चिठ्ठी बघा.

आनंद यादवांचं 'नटरंग'. कित्येक वर्षं तारीख नाही. चित्रपट २०१० च्या जानेवारीत आला आणि त्या चिठ्ठीवर जानेवारी ते एप्रिल ओळीनं सहा तारखा पडल्या. मिलिंद बोकिलांची 'शाळा', तीच गोष्ट २०१२ साली. २०१३ साली 'दुनियादारी' आला आणि क्रिकेटच्या मैदानाशिवाय कुठं न दिसणारी मुलं सुहास शिरवळकरांचं पुस्तक मागायला काउंटरवर उभी राहिली. त्यांतल्या दोघांनी त्या दिवशी अनामत भरून सभासदत्व घेतलं. ना. सं. इनामदारांची 'राऊ' तर २०१५ च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट आल्यावर माझ्या हाती यायला तीन महिने लागले, इतका नंबर होता. हे घडलं कारण पुस्तक फळीवर होतं. उद्या कोणी एखाद्या जुन्या कादंबरीवर चित्रपट काढला आणि गावातली पोरं ती मागायला आली तर आपण त्यांना काय सांगणार, भंगारवाल्याकडे जा? 'नटरंग' तुमच्या यादीत आहे. शेरा, 'मागणी नाही'.

शांता निसळ यांची 'बेघर'ही यादीत आहे. जब्बार पटेलांचा १९८२ चा 'उंबरठा' या कादंबरीवरून निघाला. मी तो दूरदर्शनवर पाहिला तेव्हा कॉलेजात होते. स्मिता पाटीलनं केलेली सुलभा मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, तेव्हा मला तिचा इतका राग आला होता की मी आईशी वाद घातला. आईनं फक्त विचारलं, "तिचा नवरा नोकरीसाठी परगावी गेला असता तर तू रागावली असतीस?" मी गप्प बसले, पण राग गेला नव्हता. चाळिशीत, दुकान माझ्या एकटीच्या जिवावर चालू लागल्यावर, पुन्हा पाहिला आणि पहिल्याच अर्ध्या तासात लक्षात आलं की आता मी सुलभाच्या बाजूनं बघते आहे. दुसऱ्याच दिवशी मी 'बेघर' मागायला वाचनालयात गेले. ते पाच नंबरच्या कपाटात होतं. अजून मी ते वाचलेलं नाही, आणि वाचायच्या आधीच ते बाद झालं आहे.

चौथी तक्रार पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानांविषयी. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी इथून पुस्तकं नेली त्यांना आठवत असेल, आपल्या गावचे वाचक पुस्तक परत करताना त्या पानावर पेन्सिलीनं आपलं मत लिहायचे. नियमात बसणारं नव्हतं, पण ग्रंथपालांनी त्यावर कधी खोडरबर फिरवलं नाही. यादीतल्या एका कौटुंबिक कादंबरीच्या मागं मला हे सापडलं. सर्वांत वर, तिरक्या जुन्या वळणात: "शेवट ओढूनताणून सुखाचा केला आहे." त्याखाली दुसऱ्या हाताचं: "सुखाचा शेवट असू नये काय?" त्याखाली बॉलपेननं, वर्षासकट: "असावा. १९८४." आणि अगदी खाली, बहुतेक कोण्या मुलीचं बारीक अक्षर: "मला थोरली बहीण जास्त आवडली, तिच्याविषयी कोणीच लिहिलं नाही." चार माणसं, एकमेकांना कदाचित कधीच न भेटलेली, एका पानावर बोलत बसली आहेत. एका नाटकाच्या पुस्तकावर पात्रांच्या नावांपुढं गावातल्या नटांची नावं लिहिली आहेत, कारण ते नाटक आपल्या जत्रेत झालं होतं. एका रहस्यकथेवर फक्त इतकंच: "पान ९० वाचल्यावर कंदील विझवायला भीती वाटली."

आपल्या गावाला काय आवडत होतं, काय पटत नव्हतं, कशानं रडू येत होतं, हे दुसऱ्या कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही. पंचायतीत घरपट्टीचं रेकॉर्ड आहे, देवळात महाजनांचं आहे. आवडीनिवडीचं रेकॉर्ड या पानांवर आहे. एका सदस्यानं मला रस्त्यात सांगितलं की चांगली पुस्तकं आपण नवीन घेऊ. नवीन प्रतीत थोरल्या बहिणीची बाजू घेणारी ती मुलगी नसेल.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत गंभीर तक्रार गोव्याच्या पुस्तकांविषयी. यादी करताना 'गोमंतकीय' असा वेगळा विचारच झालेला नाही. लक्ष्मणराव सरदेसाई आपल्याच फोंडा तालुक्यातले, सावईवेऱ्याचे. त्यांच्या 'कल्पवृक्षाच्या छायेत' या कथासंग्रहात भाटं, माड, नदीकाठची घरं, हिंदू आणि ख्रिस्ती शेजारी असे येतात की माणूस खिडकीतून बाहेर बघतो आहे असं वाटावं. बाद. बोरीच्या बाकीबाब बोरकरांची कविता सगळ्यांना पाठ असते, पण त्यांनी 'भावीण' नावाची कादंबरी लिहिली हे किती जणांना माहीत आहे? देवळाच्या आवारात एका समाजाच्या बायकांच्या वाट्याला काय आलं, ते त्यांनी त्या काळात लिहिलं. ती वाचून मी दोन दिवस मशीनला हात लावला नव्हता. बाद. महादेवशास्त्री सत्तरीतल्या आंबेडे गावचे. वेदविद्या शिकायला घर सोडलं आणि पुढं भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले. माझी आई त्यांच्या कथांतली माणसं ओळखायची, "हा आमच्या वाड्यावरचा" म्हणायची. त्यांच्या कथेवरून १९६१ साली 'मानिनी' हा चित्रपट निघाला, तो ज्यांनी पाहिला त्यांनाही मूळ लेखक गोव्याचा हे ठाऊक नसतं. त्यांचं 'खडकातले पाझरे'ही बाद. बा. द. सातोस्करांच्या 'गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती'चा एक खंड, तोही.

पुण्या-मुंबईच्या लेखकांची गाजलेली पुस्तकं उद्या दुकानात मिळतील. ही मिळतील का, म्हणून मी फोंड्यात आणि पणजीत दुकानांत विचारून आले. एकही मिळालं नाही.

आपल्या मातीत पुस्तकं नाहीशी होण्याचा अनुभव नवा नाही. केळोशीच्या कृष्णदास शामानं १५२६ साली मराठी ओव्यांत श्रीकृष्णाचं चरित्र लिहिलं. पणजीत पाटोला असलेल्या आपल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्याचंच नाव आहे. त्या शतकातली गोव्याची मराठी-कोकणी हस्तलिखितं बघायची तर पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात जावं लागतं. इथं आलेल्या इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्याच्या सासष्टी तालुक्यात रायतूरला छापलं गेलं, त्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांतली एकही छापील प्रत आज उरलेली नाही. १६८४ साली तर इथल्या भाषा बंद करण्याचं फर्मानच निघालं. तेव्हा राज्य परक्याचं होतं. आजचा ठराव आपल्या माणसांनी, आपल्या भाषेत, चहा पिता पिता केला आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं.

एक खुलासाही करते, कारण गोव्यात भाषेचा विषय निघाला की लोक लगेच बाजू विचारतात. मी घरात, दुकानात, बाजारात कोकणी बोलते. वाचते आणि लिहिते मराठी. आई तशीच होती, माझी मुलगी तशीच आहे. वाचनालयात कोकणी पुस्तकं वाढली तर मला आनंदच होईल, मी नेऊन वाचेन. या दोघींत भांडण लावायला हे पत्र लिहिलेलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

बाद यादीवरची कारवाई आजपासून थांबवा आणि तसं लेखी कळवा. पूर्ण यादी वाचनालयाच्या दारावर, पंचायतीच्या फलकावर आणि देवळाच्या सभामंडपात दोन महिने लावा. ज्या सभासदाला एखादं पुस्तक राहावं असं वाटेल त्याचं कारण लिहून घ्या आणि निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्या. चार आणि पाच नंबरची कपाटं उघडा. किल्ली काउंटरवर राहू द्या. वर्षभर ती उघडी ठेवून मग देवघेव मोजा, तो आकडा मी मान्य करीन.

गोव्याच्या लेखकांचं किंवा गोव्याविषयीचं एकही पुस्तक बाद करू नये. आपल्याला ते सांभाळता येत नसेल तर आधी राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला पत्र लिहून त्यांच्याकडे प्रत आहे का विचारा, आणि नसेल तर आपली त्यांना द्या. ज्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर वाचकांची मतं आहेत त्या पानांचे फोटो काढून ठेवा. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, यात खर्च नाही. आणि काउंटरवर एक जाड वही ठेवा. पुस्तकांवर लिहू नका म्हणायचं असेल तर वहीत लिहायला सांगा. पुस्तक असो, चित्रपट असो, मालिका असो, ज्याला जे आवडलं-नावडलं ते त्यानं लिहावं. पहिलं पान मी लिहीन.

छप्पर जूनच्या आधी दुरुस्त करा. अभ्यासिकेसाठी मागची खोली आहे, तिथं मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीचे जुने फलक भरून ठेवले आहेत. ती खोली मी पाहिली आहे, पंधरा मुलं सहज बसतील. आधी ती रिकामी करून बघा. वाचनालय संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवता आलं तर कामावरून येणाऱ्या बायकांनाही पुस्तक बदलता येईल. आज पाचला दार बंद होतं आणि मग तुम्हीच म्हणता वाचक येत नाहीत.

बाइंडिंगला पैसे नाहीत असं उत्तर येईल, म्हणून त्याची तजवीज सांगते. जुनी पुस्तकं दोऱ्यानं शिवलेली असतात. फर्म्याच्या, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या, मधोमध तीन किंवा पाच भोकं, त्यांतून मेणाचा दोरा आत-बाहेर, आणि शेवटी कण्यावर गाठ. माझ्या घरी एक सुटलेलं पुस्तक होतं ते मी उसवून पुन्हा शिवून बघितलं. ते आता सपाट उघडतं आणि पान सुटत नाही. पुठ्ठा, खळ आणि कापड समितीनं द्यावं. कापड नसेल तर दुकानात उरलेल्या ब्लाऊजपिसांचे तुकडे आहेत. आठवड्याला दहा पुस्तकं मी विनामूल्य शिवून देईन, आणि शाळेतल्या दोन मुलींना शिकवीनही. वर्षाला पाचशे होतात.

समितीची पुढची बैठक रविवारी चार वाजता आहे. मी येते आहे, माझ्याबरोबर आणखी काही सभासद येतील. बोलायची परवानगी द्याल तर पाच मिनिटांत बोलेन. 'खडकातले पाझरे' तेवढं बैठकीच्या टेबलावर आणून ठेवा, आणि खिडकीजवळची जागा द्या.

आपली,
सभासद क्रमांक ४१७